पृथ्वीगोल हातात, नकाशा जमिनीवर

प्रश्न असा आहे: "तिसरी-चौथीच्या मुलांना भूगोल शिकवते. वर्गात एक पृथ्वीगोल आहे आणि भिंतीवर जगाचा नकाशा. मुलं सात खंड, पाच महासागर घडाघडा म्हणून दाखवतात. पण 'उत्तर कुठे?' असं विचारलं की छताकडे बोट जातं, आणि नकाशा जरा फिरवून ठेवला की आफ्रिकासुद्धा सापडत नाही. आधी गोल शिकवावा की नकाशा? अक्षांश-रेखांश कधी आणावेत?"

छताकडे बोट दाखवणारं मूल खोटं बोलत नाही. त्याने उत्तर दिशा आजवर भिंतीवरच्या नकाशातच पाहिली आहे आणि तिथे ती खरंच छताच्या बाजूला असते. म्हणजे गोंधळ मुलाच्या डोक्यात नसून आपण नकाशा जिथे टांगला त्या जागेत आहे. प्राथमिक वर्गांना भूगोल शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. पहिल्या काही वर्षांत मीही खंडांच्या नावांपासूनच सुरुवात करायचे. कोरे नकाशे रंगवून घ्यायचे, मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळायचे. मग एकदा तोच कोरा नकाशा चुकून आडवा छापून आला आणि अर्ध्याहून जास्त मुलांनी दक्षिण अमेरिकेला आफ्रिका केलं. त्यांना जागा ठाऊक नव्हत्या, कागदावरचे कोपरे ठाऊक होते. त्या दिवसापासून मी नावं शेवटी ठेवते.

तेव्हा "आधी गोल की नकाशा" याला माझं उत्तर आहे: सुरुवातीला दोन्ही नकोत. आधी मुलाला वस्तू वरून पाहायला शिकवा. मग गोल हातात द्या. आणि जगाचा नकाशा आणाल तेव्हा गोल शेजारी ठेवल्याशिवाय तो उघडू नका.

वरून पाहणं हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात शिकण्यासारखं काही आहे हेच लक्षात येत नाही. मुलांना टेबलावर एक कप ठेवून "हा वरून कसा दिसेल ते काढ" म्हणा. सात-आठ वर्षांची बरीच मुलं समोरून दिसणारा कप काढतात, कान आणि बुडासकट. पियाजे आणि इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांचा तीन डोंगरांचा प्रयोग शिक्षणशास्त्रात सगळ्यांनी वाचलेला असतो: टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती, एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला बाहुली, बाहुलीला काय दिसत असेल असं विचारलं की लहान मूल स्वतःला दिसतं तेच सांगतं. नकाशा तर याहून अवघड मागणी करतो. जिथे कुणीच उभं नाही अशा ठिकाणाहून, आकाशातून, खाली बघ असं तो सांगतो.

म्हणून पहिला आठवडा मी कप, चप्पल, डबा, वही, पट्टी यांवर घालवते. मुलं बाकावर उभी राहून खाली ठेवलेल्या वस्तू पाहतात आणि त्यांच्या कडा काढतात. मग कागदावर फक्त वरून दिसणारे आकार द्यायचे आणि वस्तू ओळखायला सांगायच्या. बादली आणि ताटली दोन्ही वर्तुळं दिसतात तेव्हा वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. "मग कळणार कसं कोणती कोणती?" असं मुलंच विचारतात. त्या क्षणी चिन्हं आणि सूची (कोणतं चिन्ह किंवा रंग कशासाठी ते सांगणारी यादी) यांची गरज निर्माण होते. सूची म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

त्यानंतर वर्गखोलीचा आराखडा. पावलांनी मोजायचं, चौकटीच्या कागदावर एक पाऊल म्हणजे एक घर. प्रमाण हा शब्द इथे सहज येतो. आराखडा तयार झाला की त्यावर फुली मारून एक खडू लपवायचा आणि कागद घेऊन शोधायला लावायचं. पहिल्या दिवशी सगळे शोधतात. दुसऱ्या दिवशी कागद हातात देताना मी तो मुद्दाम उलटा देते. काही मुलं दाराच्या जागी फळ्याकडे जातात, थबकतात, मग स्वतः वळतात किंवा कागद वळवतात. कागद वळवणारं मूल नकाशा वाचू लागलं असं मी धरते. नकाशा जमिनीशी जुळवून घेणं हे एवढं एक कौशल्य आलं तर पुढचं अर्धं काम झालं. ते न येताच पुढे गेलात, तर चौथीतलं मूल आठवीत जाऊनही आडव्या नकाशापुढे अडखळतं.

दिशा याच टप्प्यावर घ्याव्यात आणि त्या घराबाहेर, मोकळ्या जमिनीवर घ्याव्यात. "सूर्य उगवतो ती पूर्व" हे वाक्य चालवून घ्यायला हरकत नाही, पण सूर्य अगदी पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास. इतर दिवशी तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो. नेमकी दिशा काढायची तर सपाट जागी सरळ काठी रोवा. सकाळी सावलीच्या टोकाशी खूण करा आणि काठी मध्यभागी धरून त्या खुणेतून जाणारं वर्तुळ आखा. सावली आखूड होत जाईल, दुपारनंतर पुन्हा लांबेल आणि केव्हातरी त्या वर्तुळाला शिवेल. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, सकाळची खूण पश्चिमेची. तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. होकायंत्रापेक्षा मला हे आवडतं, कारण यात मुलं दिवसभर सूर्याच्या मागावर असतात. शिवाय होकायंत्र लोखंडी बाकाजवळ नेलं की सुई भरकटते.

ती उत्तर-दक्षिण रेषा वर्गातल्या फरशीवर रंगवून घ्या. मग भिंतीवरचा नकाशा उतरवा आणि त्या रेषेवर जमिनीवर पसरा. निदान वर्षभर तो तिथेच वाचायचा, मुलांनी भोवती बसून. काहींना तो उलटा दिसेल, काहींना आडवा. दिसू दे.

आता गोल. शाळेतला गोल बहुतेक वेळा कपाटावर असतो आणि "हात लावू नका" या सूचनेसह खाली येतो. त्याचा उपयोग तिथेच संपतो. मुलांच्या हातात जाईल असा गोल हवा. फुगवता येणारे साधे चेंडूसारखे गोल चार-पाच मुलांत एक असे असले तर उत्तम. शिक्षकाचा मोठा गोल 30 सेंटिमीटर व्यासाचा आणि स्टँडवरून सुटा होणारा असावा. नावांची गर्दी जितकी कमी तितकं बरं. जुना गोल सीमा बदलल्या म्हणून टाकून देऊ नका. सोव्हिएत संघ दाखवणारा गोल 1991 पूर्वीचा, दक्षिण सुदान नसलेला बहुधा 2011 पूर्वीचा. मोठ्या मुलांना गोलाचं वय शोधायला लावणं हा एक सुंदर तास असतो. 1492 साली मार्टिन बेहाइम या जर्मन भूगोलतज्ज्ञाने न्युरेम्बर्गमध्ये करवून घेतलेला गोल आजही टिकून आहे आणि त्यावर अमेरिका नाही. कोलंबस परतला 1493 मध्ये. मुलांना हे सांगितलं की गोल म्हणजे माणसांना त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढं, हे त्यांच्या मनात उतरतं.

सगळ्यात लहान मुलांसाठी माँटेसोरी पद्धतीतला गोल मला फार मोलाचा वाटतो. त्यावर जमीन खरखरीत कागदाची आणि पाणी गुळगुळीत असतं. नाव एकही नाही. मूल डोळे मिटून बोट फिरवतं आणि पाणी संपतच नाही असं म्हणतं. त्याच पद्धतीत जोडीने येणाऱ्या तबकांचीही कल्पना आहे: एका तबकात बेट, दुसऱ्यात सरोवर, एकात द्वीपकल्प, दुसऱ्यात आखात, एकात संयोगभूमी (दोन भूभाग जोडणारी अरुंद जमीन), दुसऱ्यात सामुद्रधुनी (दोन समुद्र जोडणारं अरुंद पाणी). ओल्या मातीने आकार करायचा, पाणी ओतायचं. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं बसतं, कारण बेट आणि सरोवर ही एकमेकांची उलट रूपं आहेत हे हाताला कळतं.

मोठ्यांसाठी चेंडू-गोलाचा खेळ. गोल फेकायचा, झेलणाऱ्याने उजव्या हाताची तर्जनी कुठे टेकली ते सांगायचं, जमीन की पाणी. फळ्यावर रेघा मारत जा. शंभर झेल झाले की पाण्याच्या रेघा सत्तरीच्या आसपास जातात. पृथ्वीचा सुमारे 71 टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे हे वाक्य मी त्यानंतर सांगते, आधी नाही. मग महासागरांवरून बोट न उचलता प्रवास: लंडनहून निघून सिंगापूरला जा, जमिनीला बोट लागता कामा नये. मुलं आफ्रिकेला वळसा घालतात. मग सुएझजवळ एक बारीक निळी रेघ दाखवायची, 1869 साली खुला झालेला कालवा. वळसा किती वाचला ते दोऱ्याने मोजायचं. पनामाचंही तसंच, तो 1914 चा. आणि या प्रवासातच मुलांच्या लक्षात येतं की पाच महासागर म्हणजे एकाच पाण्याला दिलेली पाच नावं आहेत.

30 सेंटिमीटरच्या गोलावर 1 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर. हा एक आकडा शिक्षकाने फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवावा, कारण त्यातून पुष्कळ निघतं. माउंट एव्हरेस्ट किती उंच दाखवायचं? 8,849 मीटर म्हणजे या गोलावर मिलिमीटरचा पाचवा भाग, जाड कागदाएवढा. ज्या गोलांवर डोंगर बोटाला लागतात त्यांवर ते कितीतरी पट वाढवून दाखवलेले असतात, हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर पृथ्वी खडबडीत दगडासारखी आहे अशी समजूत होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे 400 किलोमीटरवर फिरतं, म्हणजे पृष्ठभागापासून जेमतेम 1 सेंटिमीटर. मुलांना चंद्र कुठे धरायचा असं विचारलं तर ती हातभर अंतरावर धरतात. तो असतो 9 मीटरवर, आणि आकार 8 सेंटिमीटरचा. मी एका मुलाला तेवढा चेंडू देऊन वर्गाबाहेर चालत पाठवते. सूर्य याच मापाने 33 मीटर व्यासाचा आणि साडेतीन किलोमीटर दूर. तो अर्थातच बोलण्यातच राहतो.

दोरा हे या सगळ्यातलं माझं सर्वांत आवडतं साधन आहे. गोल आणि नकाशा यांची गाठ दोऱ्याने घालून द्यावी. विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळा, तो साधारण 94 सेंटिमीटर भरेल. तोच दोरा दुहेरी दुमडा आणि 60 अंश अक्षवृत्तावर गुंडाळा. बरोबर बसतो. म्हणजे तिथे पृथ्वीचा घेर निम्माच आहे. आता भिंतीवरून उतरवलेल्या नेहमीच्या आयताकृती नकाशाकडे या आणि 60 अंशांची रेषा विषुववृत्ताशी ताडून पाहा. दोन्ही सारख्याच लांबीच्या! वर्गात शांतता पसरते. कुणीतरी म्हणतं, "नकाशा चुकलाय." मी हो म्हणते. चुकला आहे, आणि कागद सपाट आहे तोवर चुकणारच. कुठे चुकायचं एवढंच नकाशा काढणाऱ्याला ठरवता येतं.

याच ठिकाणी ग्रीनलंड. मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीने काढलेल्या नकाशावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. पातळ कागद गोलावर ठेवून ग्रीनलंडची कड उतरवून घ्या, कापा आणि गोलावरच्याच आफ्रिकेवर ठेवून पाहा किती वेळा मावतं. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे 14 पट आहे. मुलं वेडेवाकडे तुकडे बसवत दहा, बारा, पंधरा असं काहीतरी उत्तर आणतात आणि ते पुरेसं आहे. पण इथे मर्केटरला खलनायक करू नका. 1569 चा तो नकाशा दर्यावर्दींसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून चालणारं जहाज त्यावर सरळ रेषेत दिसतं, आणि त्या काळी खलाशाला तेच हवं होतं. चूक आपली आहे, जी समुद्रावरची वस्तू आपण वर्गात देशांचे आकार शिकवायला टांगली. भिंतीसाठी क्षेत्रफळाशी प्रामाणिक असलेला, कडा गोलसर असलेला नकाशा घ्या.

सपाट होताना काय होतं ते मुलांनी स्वतः करून पाहायला हवं. जुना प्लास्टिकचा चेंडू घ्या. त्यावर मी खंड काढत नाही, चेहरा काढते, कारण खंड वाकडा झाला तर मुलाला कळत नाही, नाक वाकडं झालं की लगेच कळतं. चेंडू कापून टेबलावर दाबून बसवा. एकतर फाटतो, नाहीतर सुरकुततो, नाहीतर ताणावा लागतो. गोल सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात, पण चौथीच्या मुलाला तो शब्द नको. फाटणं आणि ताणणं एवढं पुरतं.

नकाशाच्या कडा हीही एक मोठी फसगत आहे. अटलांटिक मध्यभागी असलेल्या नकाशावर अलास्का डाव्या टोकाला आणि सायबेरिया उजव्या टोकाला. मुलांना वाटतं ही जगाची दोन टोकं. गोलावर ती समोरासमोर आहेत, मध्ये बेरिंगची सामुद्रधुनी, अरुंद जागी सुमारे 85 किलोमीटर. त्या सामुद्रधुनीत बिग डायोमीड आणि लिटल डायोमीड अशी दोन बेटं आहेत, एक रशियाचं, दुसरं अमेरिकेचं, मधलं अंतर जेमतेम 4 किलोमीटर. आंतरराष्ट्रीय वार रेषा त्यांच्या मधून जाते, म्हणून एका बेटावर आज सोमवार असताना दुसऱ्यावर बहुतेक वेळ रविवारच चालू असतो. ही गोष्ट मुलं घरी जाऊन सांगतात. तसंच, टोकियोहून न्यूयॉर्कला जाणारं विमान नकाशावर काढायला सांगा. बहुतेक जण आशिया, युरोप, अटलांटिक असं ओलांडून रेघ मारतात. मग गोलावर दोरा ताणून धरा. तो अलास्कावरून जातो.

"वर-खाली" या शब्दांनी फार घोटाळा होतो. उत्तर म्हणजे वर, वर म्हणजे उंच, म्हणून नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात, असं मुलं स्वतःच अनुमान काढतात. नाईल दाखवा. सायबेरियातल्या ओब, येनिसे, लेना दाखवा, सगळ्या उत्तरेकडे वाहणाऱ्या. मी वर्गात "नकाशात वर" असं म्हणणं प्रयत्नपूर्वक सोडलं. उत्तरेकडे, दक्षिणेकडे असंच म्हणते. वर म्हणजे आकाशाकडे, खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. गोलावर सगळीकडे छोट्या मातीच्या बाहुल्या चिकटवून प्रत्येकीचं "खाली" विचारा, म्हणजे दक्षिण गोलार्धातली माणसं पडत का नाहीत हा प्रश्न सुटायला मदत होते. आणि उत्तर वर ठेवणं ही फक्त रीत आहे. अल-इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञाच्या 1154 च्या नकाशात दक्षिण वर आहे. 7 डिसेंबर 1972 रोजी अपोलो 17 या अवकाशयानातून घेतलेलं पृथ्वीचं प्रसिद्ध छायाचित्रसुद्धा मुळात दक्षिण ध्रुव वर असंच टिपलं गेलं होतं. छापताना ते फिरवलं गेलं.

रंगांबद्दल एवढंच सांगते: प्राकृतिक नकाशावरचा हिरवा म्हणजे झाडी नव्हे, सखल जमीन. इजिप्तमधला कत्तारा खोलगट भाग समुद्रसपाटीपेक्षा 133 मीटर खाली आहे आणि तिथे वाळवंट आहे, तरी नकाशात तो भाग बहुधा गर्द हिरवा असतो. सूची आधी वाचायची सवय इथे कामी येते.

अक्षांश-रेखांशांची घाई करू नका. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विषुववृत्त, दोन ध्रुव आणि पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तो आस, एवढं पुरे. पुढे पाचवीच्या सुमारास बाकांच्या रांगा आणि ओळी यांवरून पत्ता सांगण्याचा खेळ घ्या, "तिसरी रांग, चौथी ओळ". मग कोऱ्या चेंडूवर एक ठिपका काढा आणि फोनवरच्या मित्राला तो कुठे आहे ते सांगायला लावा. सांगता येत नाही, कारण चेंडूवर सुरुवात कुठे हेच नसतं. मग चेंडू फिरवायचा, न फिरणारी दोन टोकं सापडतात, त्यांच्या बरोबर मध्ये एक वर्तुळ. अक्षवृत्तांची सुरुवात निसर्गाने दिलेली आहे. रेखावृत्तांची नाही, ती माणसांना ठरवावी लागली, आणि 1884 साली वॉशिंग्टनमधल्या परिषदेत ग्रिनिचचं रेखावृत्त मूळ मानायचं ठरलं. हा फरक मुलांना नेमका कळतो आणि आवडतो. बाकी अक्षवृत्तं ध्रुवांकडे लहान होतात, रेखावृत्तं सारखीच लांब असून ध्रुवांवर एकत्र येतात, हे दोऱ्याने आधीच झालेलं असतं.

आता ज्या एका प्रयोगासाठी मी हे सगळं लिहायला बसले त्याकडे येते. दिवस-रात्र आपण अंधाऱ्या खोलीत दिवा लावून शिकवतो. ते ठीकच आहे. पण खरा सूर्य बाहेर असताना दिवा कशाला? गोल स्टँडवरून काढा. उन्हात, आखलेल्या उत्तर-दक्षिण रेषेवर एक वाडगा ठेवा आणि गोल त्याच्या काठावर असा टेकवा की आपण उभे आहोत ती जागा अगदी माथ्यावर येईल आणि उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेच्या बाजूला राहील. स्टँडचा साडेतेवीस अंशांचा कल इथे विसरून जा. आता तुमच्या हातातला गोल आणि पायाखालची पृथ्वी एकमेकींना समांतर आहेत. दोघींवर पडणारं ऊनही तेच. गोलाचा जो अर्धा भाग उजळला आहे, या क्षणी नेमक्या त्याच अर्ध्या पृथ्वीवर दिवस आहे. उजेड-अंधाराची सीमा ज्या देशांवरून जाते तिथे आत्ता सूर्य उगवतो किंवा मावळतो आहे.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वतः बराच वेळ गोलाजवळून हलले नव्हते. मातीच्या गोळीत खोचलेली काडी गोलाच्या माथ्यावर, आपल्या जागी चिकटवा. तिची सावली आणि जमिनीत रोवलेल्या काठीची सावली एकाच दिशेला पडतात. मग आणखी काड्या वेगवेगळ्या देशांत लावा. जिथे काडीची सावली नाहीशी होते तिथे आत्ता सूर्य माथ्यावर आहे. एक तासाने पुन्हा या: ती जागा 15 अंश पश्चिमेला सरकलेली असते, या गोलावर विषुववृत्ताजवळ जवळजवळ 4 सेंटिमीटर. जूनमध्ये करून पाहिलंत तर उत्तर ध्रुव उजेडात असतो आणि गोल आसाभोवती कितीही फिरवला तरी उजेडातच राहतो, डिसेंबरमध्ये अंधारात. सहा महिन्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला की ऋतू का होतात हे सांगण्यासाठी मुलांच्या मनात जागा तयार झालेली असते. वर्षातून निदान चार वेळा करा, आणि दर वेळी सावली नाहीशी होणारी जागा विषुववृत्तापासून किती दूर आहे ते वहीत लिहून ठेवा. ती कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या बाहेर कधीच जात नाही. ती दोन वृत्तं तिथेच का आखली, याचं उत्तर मुलांच्या वहीतून निघतं.

पडद्यावरच्या नकाशांबद्दल बरेच जण विचारतात. ते वापरा, पण दोऱ्याचे आणि गोलाचे तास झाल्यावर. दोन बोटांनी नकाशा मोठा-लहान करताना प्रमाण सतत बदलत असतं आणि मुलाला त्याची जाणीवच होत नाही. गल्ली आणि खंड एकाच आकाराचे वाटू लागतात. प्रमाणाची पट्टी कोपऱ्यात असते ती दर वेळी वाचायला लावा. शिवाय पडद्यावरचे बरेच नकाशे मर्केटरच्याच पद्धतीचे असतात. गूगल मॅप्सने 2018 पासून संगणकावर लहान करत गेलं की गोल दाखवायला सुरुवात केली, ही चांगली सोय आहे. उपग्रहाचं चित्र मात्र लवकर दाखवायला हरकत नाही. शाळेचं छप्पर वरून पाहिल्यावर स्वतः काढलेल्या आराखड्याशी मुलं ते ताडून पाहतात.

शेवटचा मुद्दा परीक्षेचा. नावं विचारायची तर विचारा, पण वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक कोरा कागद देऊन "आठवेल तसं जग काढ" हेही करून घ्या. आकार बेढब असू देत. काय कशाच्या शेजारी आहे, विषुववृत्त कुठून जातं, पाणी किती जागा घेतं, एवढंच पाहा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पालकांना दाखवा. गुण देऊ नका. एका वर्षी अशा शेवटच्या कागदावर एका मुलीने अमेरिका डावीकडे काढली, आशिया उजवीकडे, आणि मग कागदाची नळी करून दोन्ही कडा जुळवून माझ्याकडे आणली. पॅसिफिक महासागराचे दोन तुकडे जोडले गेले होते. तिने नळीच्या वरच्या उघड्या तोंडात बोट घातलं आणि विचारलं, "बाई, इथे उत्तर ध्रुव एकच आहे ना? मग एवढं मोठं भोक बुजवायचं कसं?" मी तिला कात्री दिली.